त्या किनाऱ्याचं लोकेशन

कट्ट्यावर पोचलो तेव्हा दादाचा मोबाईल हातोहात फिरत होता. आम्ही चौघं रात्रभर राहून आलो तोच किनारा. ना छत्र्या, ना खुर्च्या, मागे झाडं, पुढे पाणी. आणि फोटोखाली पठ्ठ्याने लोकेशन टाकलेलं!

"काढ ते आधी," ताई म्हणाली.

"का? समुद्र काय तुझ्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाही, म्हणूनच बोलतेय. माया बे आठवतंय ना? थायलंडवाल्यांना 2018 मध्ये बेटावरचा तो अख्खा किनारा बंद करावा लागला. बोटींच्या नांगरांनी प्रवाळाचा चुरा केला होता. 2022 मध्ये उघडला, तोही पोहायला बंदी घालून. बोटी आता बेटाच्या मागच्या बाजूला लागतात."

"तिकडे हजारो जायचे. आपण चौघं होतो!"

"आणि तुझा स्पीकर पाचवा."

मास्तर खो खो हसले. त्या रात्रीचा राग आमच्यातल्या कुणाचाच गेलेला नाही. लाटांचा आवाज ऐकायला एवढं चालत गेलो आणि दादाने पहाटेपर्यंत गाणी वाजवली.

पण मास्तर ताईच्या बाजूचेही नाहीत. "तुम्हाला शांतता हवी म्हणून तिथल्या पोरांनी कमवायचं नाही का?"

"जरूर कमवावं. पण सांडपाण्याची सोय आधी, खोल्या मागून. फिलिपिन्सच्या बोराकाय बेटावर उलटं झालं. घाण थेट समुद्रात सोडली आणि 2018 मध्ये सरकारने सहा महिने बेटच बंद केलं. तेव्हा कुणाची कमाई बुडाली, मास्तर?"

मास्तर गप्प. मला विचाराल तर प्रश्न तिथेच मिटला. पण दादा ऐकतोय कसला! त्याला किनारा 'अस्पर्श' हवा, शिवाय पक्का रस्ता, चार्जिंग आणि रात्री दिवे.

"दिवे?" ताई उसळलीच. "कासवाची पिल्लं अंधारात उजळ क्षितिजाकडे जातात, ते क्षितिज समुद्राचं असतं. तुझे दिवे लागले की ती उलटी जमिनीकडे चालत सुटतात आणि मरतात. आणि पसारा म्हणून तू जी मर्यादवेल उपटत होतास ना, ती वाळू धरून ठेवते."

"मग कचरा तरी उचलायला माणसं नकोत?"

"दक्षिण पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर माणूसच राहत नाही. तरी 2017 च्या अभ्यासात तिथे प्लास्टिकचे 3 कोटी 77 लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला. सगळं समुद्रातून वाहून आलेलं. उचलायचंय तर जाताना एक पिशवी ने. त्याला रस्ता लागत नाही."

"पण जीवरक्षक लागतो," मास्तरांना एकदम आठवलं. "तिथे लाटा फुटत नाहीत म्हणून हा कुठे उतरला होता?"

बरोबर ओढीच्या पट्ट्यात! दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधलं पाणी सपाट दिसतं, तिथूनच ते परत समुद्रात जात असतं. हा किनाऱ्याकडे हात मारून मारून दमला. ताईच ओरडत होती, "झगडू नकोस, आडवा पोह, किनाऱ्याला समांतर!" ओढीतून बाहेर पडला, मग तिरका किनाऱ्याला आला. नाहीतर आज फोटो दाखवायला कोण असतं?

दादाने मुकाट्याने मोबाईल घेतला. लोकेशन गेलं.

"आता माझा टॉर्च," ताई म्हणाली.

"तो... त्याच ओढीत गेला."

"पोहायला टॉर्च घेऊन गेला होतास?" मास्तरांनी विचारलं, आणि त्यानंतर दहा मिनिटं कुणालाच बोलता येईना.