कोणती रंगभूमी ऑनलाइन गेली?

करोनाकाळात मराठी रंगभूमी ऑनलाइन प्रयोगांमुळे तगली, असे आजही कौतुकाने सांगितले जाते आणि ते कौतुक रास्तच आहे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलूप लागले. जुलैमध्ये हृषीकेश जोशी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मोगरा’ या ‘नेटका’त, म्हणजे इंटरनेटवरच्या नाटकात, कलावंत आपापल्या घरांतून थेट प्रयोग करू लागले. मुंबईच्या नाटकांचे दौरे आमच्या जळगाव-धुळ्याकडे क्वचितच वळतात, त्यामुळे घरबसल्या ताजा प्रयोग पाहायला मिळणे ही आम्हा खानदेशी प्रेक्षकांसाठी लहान गोष्ट नव्हती. मात्र तगली ती प्रामुख्याने बोलणारी रंगभूमी. गाणारी, ताल धरणारी रंगभूमी मागे राहिली.

याचे कारण तंत्रात आहे. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये आवाज पोहोचायला साधारण तीस मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला, की लय सांभाळणे कठीण होते आणि घरगुती इंटरनेटवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये तो उशीर सहसा याच्या कितीतरी पट असतो. शिवाय झूमसारखी ॲप मानवी बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून बाकीचे आवाज दाबतात, आणि त्यात ढोलकीची थापही दबते. एकपात्री प्रयोगाला हे चालून जाते. वहीगायनात, म्हणजे खानदेशातल्या सामूहिक लोकगायनात, मुख्य गायकाने सोडलेली ओळ साथीदारांनी डफाच्या ठेक्यावर तिथल्या तिथे उचलायची असते. तमाशात मागून सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा सूर गायकाच्या सुराला भिडायचा असतो. ते चार घरांतून कसे जमणार?

बोलण्यालाही याची झळ बसलीच. ओळखीच्या एका हौशी कलावंताने खिडकीला गोधडी लावून, मोबाइल स्टँडवर बांधून अहिराणी एकपात्री सादर केली, तेव्हा काही प्रेक्षकांना मुद्दाम माइक चालू ठेवायला सांगितले होते. हशा आला, पण तो पुढच्या वाक्यावर येऊन पडला, आणि पुढचा सारा वेळ तो कलावंत प्रत्येक विनोदानंतर थांबून, कॅमेऱ्याकडे पाहत, हशाची वाट पाहत राहिला. विनोदानंतर किती थांबायचे हे नटाला प्रेक्षक शिकवतात. बतावणीतला, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांतला, सोंगाड्या तर त्यावरच उभा असतो.

त्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरली नाही. तमाशाच्या ज्या फडांचे पोट यात्रांच्या हंगामावर चालते, त्यांना यात्रा बुडाल्यावर तिकीट लावून पडद्यावर येण्याची वाटही नव्हती. ऑनलाइन रंगभूमीच्या यशाबद्दल लिहिताना ही माणसे हिशेबात धरली गेली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कमी विलंबाने आवाज पोहोचवणारी जॅकट्रिपसारखी साधने तेव्हाही उपलब्ध होती, पण त्यांना वायरचे चांगले इंटरनेट आणि जाणता तंत्रज्ञ लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील नाट्यगृहांत ही सोय आत्ताच, साथरोग नसताना उभी करावी, आणि तिची पहिली चाचणी भाषणांनी न करता ढोलकी, तुणतुणे आणि झीलकरी यांना वेगवेगळ्या गावांत बसवून करावी, अशी माझी सांस्कृतिक कार्य विभागाकडे मागणी आहे.