अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार दिलात. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात गिऱ्हाईक फोनवर ताटकळत असताना आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्सल शोधायला तीस-तीस सेकंद लागत होते. आम्ही रॅम वाढवायला लावली, पैसे गेले, फरक शून्य. आणि सगळ्या कॉलमना इंडेक्स (म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची) लावा म्हटलं तर ऐकलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे, माफ करा. तिसऱ्या गोष्टीवर मी ठाम आहे, का ते सांगतो.

रॅमचं आधी. तुमच्या नोंदी ज्यात साठतात तो डेटाबेस, मायएसक्यूएल, मशीनमधली सगळी रॅम आपणहून घेत नाही. टेबलांचा डेटा हाताशी ठेवायची जागा, म्हणजे त्याच्या इनोडीबी या साठवण-भागाचा बफर पूल, मुळात 128 एमबीचा असतो आणि सेटिंग बदलेपर्यंत तेवढाच राहतो. आम्ही 8 चे 16 जीबी केले आणि ते सेटिंग उघडलंच नाही. आता तो 8 जीबी आहे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. पावसला तुमच्या काउंटरवर बसलो तेव्हा कळलं. ताई गिऱ्हाइकाला पूर्ण नंबर विचारत नाहीत, "शेवटचे चार आकडे सांगा" म्हणतात. मोबाइलच्या कॉलमला इंडेक्स होता, पण तो पहिल्या आकड्यापासून लावलेला असतो. शेवटच्या चारांवरून शोधायला तो काही कामाचा नाही. तिथेच एक्सप्लेन चालवलं, म्हणजे हा शोध तू कसा घेतोस ते डेटाबेसलाच विचारलं. सहा हंगामांच्या तीस लाखांवर नोंदी, आणि प्रत्येक शोधाला पूर्ण टेबल हार्ड डिस्कवरून वाचलं जात होतं. तेही तीन काउंटरवरून एकाच वेळी! शेवटचे चार आकडे वेगळ्या कॉलममध्ये आपोआप भरतील अशी सोय केली आणि ते आकडे व तारीख असा जोड इंडेक्स लावला. आकडे आधी, तारीख नंतर. हा क्रम उलटा करून चालत नाही. आता नाव सांगून होईपर्यंत पार्सल समोर येतं.

हे अर्ध्या दिवसाचं काम होतं, म्हणून तुमचा राग आणखीच रास्त आहे. डेटाबेसला विचारलेला प्रत्येक शोध म्हणजे क्वेरी, आणि रेंगाळणाऱ्या क्वेरी टिपणारी वही म्हणजे स्लो क्वेरी लॉग. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच टिपतो. मार्चमध्येच तो 1 सेकंदावर लावला असता, तर पाडव्याच्या आधीच हे दिसलं असतं.

आता सगळीकडे इंडेक्स. प्रत्येक नवी नोंद टाकताना त्या टेबलाचा प्रत्येक इंडेक्सही लिहावा लागतो, आणि हंगामात तुमच्याकडे सकाळपासून पेट्यांच्या नोंदी पडतच असतात. 'पैसे आले की बाकी' अशा दोनच किमतींच्या कॉलमला इंडेक्स लावून बहुतेक वेळा काही मिळतही नाही. वर तेच इंडेक्स बफर पूलमधली जागा खातात. म्हणून जी क्वेरी अडते, तिच्यापुरताच इंडेक्स. हे मी कुठल्याही बागायतदाराला असंच सांगेन. आणि कोणी नवं मशीन घ्या म्हणालं, आम्ही म्हणालो तरी, आधी एक्सप्लेन दाखवा म्हणा.

रॅमचे पैसे यंदाच्या देखभालीच्या बिलातून वजा केले आहेत. पेट्यांची गडबड ओसरली की मी येतो, लॉग आपण मिळून वाचू. काउंटरवरच्या ताईंनाही सोबत बसवा. कुठली स्क्रीन कधी अडते ते त्यांनाच नेमकं माहीत आहे.