मॅरोला रक्तगट कसला विचारता?

सोलापुरातल्या ग्रुपांवर चार दिवस एक मेसेज फिरतोय. ब्लड कॅन्सरच्या एका तरुणाला बोनमॅरो, म्हणजे हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा हवीय. 'बी पॉझिटिव्हवाल्यांनीच यावं. नातेवाईक नसेल तर आपल्या समाजातला कुणीही चालेल. मणक्यातून काढतात, म्हणून लग्नाच्या पोरांनी येऊ नये, पन्नाशीपुढच्यांनी द्यावं.' तळमळ खरी आहे, माहिती मात्र जवळजवळ सगळी उलटी.

आधी रक्तगट. इथे जुळवायचं असतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. ए, बी, सी आणि डीआरबी१ (ही जनुकांची नावं, रक्तगट नव्हेत) यांच्या आईकडून एक, बापाकडून एक अशा आठ खुणा. डीक्यूबी१ धरलं की दहा. त्या जुळल्या नाहीत तर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उठतात. रक्तगट वेगळा असला तरी डॉक्टरांना ते सांभाळता येतं. ओ गटाच्या दात्याच्या पेशी रुजल्या, की काही महिन्यांनी बी पॉझिटिव्ह रुग्णाचाच गट ओ होतो!

नात्याचं म्हणाल तर सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. चुलत-मावस भावंडांत ती फारच कमी. (मामाच्या मुलीशी लग्नं होणाऱ्या आपल्याकडच्या घरांत थोडी वाढते.) अलीकडे आई-बाप किंवा मुलांकडून अर्धं जुळणारंही घेतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

'आपला समाज' हे अर्धं खरं. खुणांचे संच पिढ्यान् पिढ्या एकत्र उतरतात, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू पद्मशाली विणकराला जुळणारा दाता जर्मनीतल्या दात्यांच्या यादीपेक्षा तेलुगू मुलखात सापडायची शक्यता जास्त. पण त्यावरून कुठे शोधायचं एवढंच कळतं. आडनाव बघून कुणी सुई लावत नाही.

वयाचं मात्र पार उलटं. सारखे जुळणारे दोन परके दाते असतील, तर डॉक्टर बहुधा तरुणाला बोलावतात. दात्याचं वय वाढतं तशी रुग्णाची जगण्याची शक्यता घटते, हे हजारो प्रत्यारोपणांच्या नोंदींतून दिसलंय. अमेरिकेत म्हणूनच १८ ते ३५ वयाचे दाते हवे असतात. सीएमव्ही या विषाणूची जुनी लागण, दाता बाई असेल तर तिची बाळंतपणं, हे त्यानंतर.

मणक्याची भीती आपल्या शब्दांतून आली असावी: अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीत मज्जा! मज्जारज्जूला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा मज्जेतल्या पेशी रक्तात उतराव्यात म्हणून चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, अंग ठणकतं, मग चार-सहा तास खुर्चीत. एका हातातून रक्त मशीनमध्ये, दुसऱ्यातून परत. नाक खाजलं तर शेजारच्याला सांगायचं. कधी कमरेच्या हाडातून काढतात, तेही भूल देऊन.

आणि 'यावं' म्हणजे कुठे? दाता म्हणून नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. २००९ पासून चेन्नईची 'दात्री' ही संस्था अशा नोंदणीचंच काम करते.

आमच्या गल्लीतला बावीस वर्षांचा पोरगा मेसेज वाचून म्हणाला, "काका, माझा गट एबी निगेटिव्ह, शिवाय लग्न व्हायचंय. मी नको की." त्या मेसेजनं नेमका त्यालाच घरी बसवलं.