गाडीच्या कॅटचा (म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) हीटर जळाला म्हणे! अहो, कॅटला हीटर असतो का?

दोन-तीन ग्रुपवर सेम फॉरवर्ड आलाय. 'चेक इंजिनचा लाइट लागला आणि स्कॅनरवर पी०१४१ कोड आला की कॅटलिटिक कन्व्हर्टरचा हीटर जळाला समजा. वायरिंगला १२ व्होल्ट येत असतील तर कॅट बदला, नाहीतर काढून सरळ पाइप टाका, अ‍ॅव्हरेज वाढतं.'

पहिलं म्हणजे आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाड्यांच्या कॅटमध्ये हीटर नसतोच. कॅट धुराच्या उष्णतेनेच तापतो, साधारण २५०-३०० डिग्रीला कामाला लागतो. (करंटवर तापणारे कॅट बाहेर काही महागड्या गाड्यांत आहेत, ते सोडा.) पी०१४१ मधला हीटर असतो कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) पोटात, कारण तो सेन्सर गार असला की धड रीडिंग देत नाही. कॅट कमी काम करतोय याचा कोड पी०४२०. दोन्ही एकदम आले तरी आधी हीटरचं बघायचं, कारण कॅटवर चहाडी करणारा तोच सेन्सर, आणि तोच आजारी.

आता ते १२ व्होल्ट. इथेच भलेभले फसतात, मी पण फसलोय. इंजिन गार असताना सेन्सरचं कनेक्टर सोडा, सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायरी दिसतील, बऱ्याचदा पांढऱ्या, त्या हीटरच्या. त्यांच्यात मीटर लावून ओहम बघा, साधारण ४ ते १५ च्या आसपास काहीतरी आलं तर हीटर शाबूत, काहीच नाही आलं तर हीटर तुटला, तेव्हा सेन्सर बदला, कॅट नाही! माझा आकडा ठीक होता, फ्यूज ठीक, हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या वायरिंगच्या) बाजूला १२ व्होल्ट पण ठणठणीत, तरी कोड परत परत. शेवटी मीटर ठेवून दिला आणि तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला तर तो नुसता लालसर मिणमिणला. उंदराने वायर कुरतडलेली, आत दोन-चार तारा उरल्या होत्या त्या पण हिरव्या पडलेल्या. मीटर करंट खातच नाही ना, त्याला एक तार शिल्लक असली तरी १२ दिसतात, हीटरला मात्र करंट ओढावा लागतो. एक वीत वायर जोडली, काम फत्ते. (बल्ब फक्त सप्लायच्या वायरीवर आणि बॉडी अर्थला लावा, दुसरी वायर ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाते, तिथे प्रयोग नकोत.)

राहिलं सरळ पाइपचं. अ‍ॅव्हरेज वगैरे काही वाढत नाही, आवाज आणि वास वाढतो, लाइट तर लागलेलाच राहतो. वर प्रदूषणाच्या कलमात १०,००० पर्यंत दंड बसू शकतो तो वेगळाच. आणि एवढं ऐकून पण कोणी कॅट बदलायलाच निघालात तर जुना कॅट परत मागून घ्या, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू असतात. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बघा फक्त.