घडाच्या वजनावरून तेल ठरत नाही

तेलताडाविषयी (ज्याच्या फळांतून पाम तेल काढतात ते झाड) एक सल्ला समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो: ज्या झाडाचे घड सर्वांत जड, त्यात तेल सर्वांत जास्त, म्हणून बागेतले असे झाड हेरून त्याच्याच बिया रुजवाव्यात आणि त्यांतून जोमाने वाढणारी रोपे तेवढी ठेवावीत. एकदा लावलेली बाग सुमारे २५ वर्षे ठेवली जाते, त्यामुळे निवडीतली चूकही तितकाच काळ भोगावी लागते. या सल्ल्याचा समाचार घेणे म्हणूनच गरजेचे वाटते.

घडाचे वजन महत्त्वाचे आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तेल फळाच्या बाहेरच्या गरात असते (मगजातले तेल वेगळे आणि प्रमाणाने थोडे), आणि घडाच्या वजनात देठ, काड्या, न भरलेली फळे व कठीण कवच हेही धरलेले असते. त्यामुळे घडात फळे किती, फळात गर किती आणि गरात तेल किती, या तिन्ही प्रमाणांचा गुणाकार केल्याशिवाय उत्तर मिळत नाही. उदाहरणादाखल, दोन घडांत फळे ६५ टक्के आणि गरात तेल ५० टक्के असे सारखेच धरू. २५ किलोच्या घडातील फळांत गर ६० टक्के असेल तर तेल सुमारे ४.९ किलो भरते. २० किलोच्या घडातील फळांत गर ८५ टक्के असेल तर ते ५.५ किलोपर्यंत जाते.

गराच्या प्रमाणातला हा फरक प्रामुख्याने कवचाच्या जाडीमुळे पडतो. ड्युरा प्रकाराचे कवच जाड असते, पिसिफेरा बिनकवचाचा असतो आणि या दोघांच्या संकरातून पातळ कवचाचा टेनेरा मिळतो. हा वारसा एकाच जनुकाचा आहे, हे बेर्नार्ट आणि व्हँडरवेयेन या संशोधकांनी बेल्जियन काँगोमध्ये १९४१ साली दाखवून दिले, आणि व्यापारी लागवडीचा पाया तेव्हापासून बदलला.

बियांविषयीचा सल्ला सर्वांत घातक ठरतो तो नेमका येथे. टेनेराच्या बागेतील उत्तम झाडाचे परागीभवन शेजारच्या टेनेरांकडूनच होणार. त्या बियांतून सरासरीने निम्मीच रोपे टेनेरा निघतात, एक चतुर्थांश ड्युरा आणि एक चतुर्थांश पिसिफेरा. पिसिफेराची मादी फुले बहुधा वांझ असल्याने त्याचे घड पिकण्याआधीच कुजतात. पैदासकार त्याला परागदाता म्हणून वापरतात, फळांसाठी नव्हे. शिवाय फळांचा भार नसल्याने असे झाड पुष्कळदा इतरांपेक्षा जोमदार दिसते, म्हणजे केवळ जोम पाहून निवड करणाऱ्याच्या हाती वांझ झाडच लागण्याची शक्यता वाढते.

एखाद्या हंगामातील घड पाहून झाड निवडणेही फसवे आहे. घडांची संख्या आणि सरासरी वजन यांचे नाते उलटे असते. वयाबरोबर घड कमी आणि मोठे होत जातात, त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या झाडांची तुलना गैरलागू ठरते. प्रत्येक पानाच्या बगलेत एक फुलोरा येतो आणि तो नर होणार की मादी, हे घड पिकण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी ठरते; पाण्याचा ताण पडल्यास नर फुलोरे वाढतात. आज दिसणारे घड त्यामुळे झाडाच्या अनुवंशाइतकेच दोन वर्षांपूर्वीच्या पावसाचेही असतात. पैदास केंद्रांत प्रत्येक झाडाचे घड अनेक वर्षे मोजले जातात आणि नमुन्याच्या घडांचे पृथक्करण होते, ते यासाठीच.

उंचीकडे तर हा सल्ला पाहतच नाही. खोड भराभर वाढले की घड काढणे अवघड आणि खर्चिक होते, आणि बाग लवकर मोडावी लागते. सावकाश वाढणारे खोड हा म्हणूनच पैदाशीत जपला जाणारा गुण आहे.

निवडक ड्युरा मादीवर निवडक पिसिफेराचे पराग नियंत्रित पद्धतीने टाकून तयार केलेले बियाणेच घ्यावे. कवचाचे जनुक २०१३ साली ओळखले गेल्यामुळे आता रोपवाटिकेतच पानाच्या नमुन्यावरून रोप ड्युरा, टेनेरा की पिसिफेरा हे तपासता येते, त्यासाठी फळे येईपर्यंत थांबावे लागत नाही.