आफ्रिकेत डिप्रेशन नसतं म्हणे!

गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या गोळ्यांची पाकिटं साखरेच्या डब्यामागे सापडली. एकही गोळी काढलेली नव्हती. तिला बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढणं तर कधी पार खचणं, हा आजार आहे आणि तीन वर्षं औषधांवर तिचं छान चाललं होतं. विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. काकूंनी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं: 'आफ्रिकन भाषांत डिप्रेशनला शब्दच नाही, कारण तो आजारच तिथे नाही. माणूस खचला की गाव ढोल वाजवतं, प्रार्थना करतं, माणूस बरा! निदान आणि गोळ्या हे गोऱ्यांचं खूळ. फेकून द्या.'

शब्द नाही? 'नैराश्य' माझ्या आजीच्याही तोंडी कधी नव्हतं, ती 'जीव रमत नाही' म्हणायची. झिम्बाब्वेतले शोना लोक 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचार करकरून डोकं शिणणं. आणि गोऱ्यांच्या खुळाचं म्हणाल, तर 'आफ्रिकन माणसाला डिप्रेशन क्वचितच होतं' हेच मुळात एका गोऱ्याने लिहून ठेवलंय. केनियातल्या माथारी मनोरुग्णालयाचे वसाहतकाळातले प्रमुख कॅरोदर्स यांनी, 1953 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेसाठी. सर्वसाधारण आफ्रिकन माणसाचं मन त्यांना मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियनासारखं वाटत होतं. काकू, हे तुम्ही पुढे ढकलताय.

आता प्रार्थना. इथे मात्र माझं डोकं फिरतं. घानातल्या 'प्रेयर कॅम्प'वर, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करू म्हणणाऱ्या तळांवर, ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 2012 मध्ये अहवाल काढला. माणसं साखळीने झाडाला नाहीतर भिंतीला जखडलेली, झोपणं तिथेच, शौचही तिथेच आणि वर सक्तीचे उपास. घरच्यांनीच आणून सोडलेली. ते सगळे दुष्ट होते असं नाही. करणी उतरवता येते, निदान मात्र जन्मभर सोबत राहतं, मग माणूस कशावर विश्वास ठेवायला धावेल? आपण नाक मुरडायला नको, तमिळनाडूतल्या एरवाडीला 2001 मध्ये साखळदंडात 28 मनोरुग्ण जळून मेले. पण याला 'गाव बरं करतं' म्हणायचं?

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य. माणसांचा आधार लागतोच. झिम्बाब्वेची राजधानी हरारेत मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडांनी दवाखान्याबाहेर बाक मांडले आणि त्यावर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. 2016 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी छापून आली. 24 दवाखाने, 573 माणसं. सहा महिन्यांनी बाकावर आज्यांशी बोललेल्यांपैकी साधारण 14 टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 50 टक्के. पण या आज्या गप्पा मारून सोडून देत नाहीत. आधी शोना भाषेतले 14 प्रश्न विचारतात, उत्तरं मोजतात, आणि जिवाला धोका दिसला तर वरिष्ठांकडे पाठवतात. म्हणजे निदानाची पहिली पायरी झालीच की. शिवाय तो बाक डिप्रेशन-चिंतेसाठी आहे, बायपोलरच्या गोळ्यांऐवजी नाही.

गाव की डॉक्टर, हे भांडणही जुनंच, आणि दोन्ही एकत्र हे उत्तरही. नायजेरियात अबेओकुटा शहराजवळ आरो इथे मनोविकारतज्ज्ञ डॉ. लांबोंनी 1954 पासूनच रुग्णांना गावकऱ्यांच्या घरात ठेवलं, वैदूंनाही सोबत घेतलं आणि औषधोपचारही चालू ठेवले.

बहिणीला डॉक्टरांकडे नेलं. अकरा दिवसांचा खंड पडला होता, रात्रीची झोप पार गेली होती. गोळ्या परत सुरू झाल्यात, पण आधीचा डोस गाठायला वेळ लागणार आहे. काकूंना हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अगं, मी पूर्ण वाचलंच नव्हतं.'