सक्तीचा निवांतपणा

आयर्लंडच्या केरी परगण्यात ऊन पडलेले असताना घरात बसणे हा जवळजवळ फौजदारी गुन्हा समजला जातो. मुलीकडे लांबच्या मुक्कामाला आलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला उन्हाचे अप्रूप असण्याचे कारण नाही. आम्ही जन्मभर सावली शोधत हिंडलो. पण जूनमधल्या एका शनिवारी पारा २० अंशांवर जाणार असल्याचे रेडिओने जाहीर करताच, “बाबा, आजचा दिवस वाया घालवायचा नाही, इंचला जाऊन निवांत पडू या,” असे मुलीने फर्मावले आणि निवांत पडण्याच्या तयारीत सकाळपासून घरातल्या सर्वांची दमछाक झाली. स्वेटर, रेनकोट, उन्हाचे मलम, थर्मास, चादरी आणि खुंट्यांवर ताणायचा वारा अडवणारा पडदा, असा सर्व ऋतूंचा सरंजाम गाडीत चढला.

डिंगल द्वीपकल्पावरचा इंचचा किनारा सुमारे ५ किलोमीटर लांब आहे, तिथे गाडी थेट वाळूवर नेता येते आणि खाडीपलीकडे आयव्हरा द्वीपकल्पाचे डोंगर दिसतात. अर्थात ढगांची तशी इच्छा असली तर. पडदा उभारण्याचे काम जावयांकडे होते. एक खुंटी दगडाने ठोकून ते दुसरीकडे वळले की पहिली उपटून येई, आणि चारही खुंट्या उभ्या राहिल्यावर वाऱ्याने दिशा बदलून मोकळ्या बाजूने आत प्रवेश केला. पत्नीने आणलेल्या दशम्यांवर शेंगदाण्याची चटणी पसरली होती; तिच्यावर वाळूचा थर केव्हा बसला हे रंगावरून मुळीच कळले नाही, दातांना कळले. “अहो, हवा किती शुद्ध आहे, दीर्घ श्वास घ्या,” असे ती म्हणाली. मी घेतला, आणि उरलेली वाळू नाकात गेली.

५२ अंश उत्तर अक्षांशाच्या मानाने इथला समुद्र अटलांटिकच्या प्रवाहामुळे पुष्कळ उबदार असतो, असे जावई सांगत होते. हा उबदारपणा भर उन्हाळ्यात १५-१६ अंशांच्या आसपास घुटमळतो. मी पावले बुडवली आणि घोट्यांखालचा प्रदेश माझ्या ताब्यातून गेला. एक सत्तरीच्या आजीबाई मात्र गळाभर पाण्यातून, एकदा आत शिरले की छान वाटते, असे मला ओरडून सांगत होत्या. इथे हे प्रत्येकजण सांगतो, आणि दात वाजत असतानाच सांगतो.

मग पाऊस आला. कोणीही उठले नाही. उलट आइस्क्रीमची रांग वाढली, आणि आम्हीही रेनकोट चढवून तिच्यात उभे राहिलो. चॉकलेटची कांडी खोचलेल्या त्या कोनाला इथे ‘नाइन्टी-नाइन’ म्हणतात. किंमत मात्र ९९ सेंटवर केव्हाच थांबलेली नाही.

गणपतीपुळ्याला अंधार पडू लागला की निघायचे हुकमी कारण मिळते. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्याने तीही सोय नव्हती. पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले, आणि मुलगी अजून “आता कुठे छान वाटतंय” असे म्हणत होती. अखेर भरतीलाच माझी दया आली. पाणी गाडीच्या रोखाने सरकू लागले तशी मंडळी चादरी गोळा करण्यासाठी धावली, आणि जावई चाव्या शोधत गाडीपाशी पोहोचले तेव्हा मी दाराची कडी धरून उभा होतो.